आठचं फॅक्टोरियल आणि सी भाषेचा करारनामा

टर्बो सीच्या निळ्या स्क्रीनवर ज्यांनी सी भाषेत फॅक्टोरियलचा, म्हणजे एकपासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराचा, प्रोग्रॅम लिहिलाय, त्यांना −२५२१६ हा आकडा ओळखीचा वाटेल. सातपर्यंत सगळं सुरळीत चालतं. पाचचं १२०, सहाचं ७२०, सातचं ५०४०. आठ टाकलं की यायला हवं ४०३२०, आणि येतं उणे पंचवीस हजार दोनशे सोळा. आमच्या लॅबमध्ये सरांनी यावर तोडगा काढला होता: "आउटपुट पाचचा घ्या, जर्नलला तोच लावा." सगळ्यांनी तोच लावला. मीही.

हिशेब अवघड नाही. टर्बो सी हा कंपायलर, म्हणजे आपला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवून देणारा प्रोग्रॅम. त्यात 'इंट', म्हणजे पूर्णांकाचा प्रकार, सोळा बिटांचा (बिट म्हणजे एक शून्य किंवा एक) होता, त्यात −३२७६८ ते ३२७६७ एवढंच मावतं. ४०३२० मधून ६५५३६ वजा केले की −२५२१६ उरतात. मला छळत होता तो प्रश्न दुसराच. मित्राच्या घरी लिनक्स होतं. स्क्रीन पुसण्याची आणि शेवटी थांबण्याची अशा दोन ओळी काढून तोच प्रोग्रॅम तिथे चालवला, तर आठचं फॅक्टोरियल बिनचूक ४०३२०. भाषा तीच, गणित तेच. मग चूक कुणाची? टर्बो सीची? लिनक्सवरच्या कंपायलरची? की सरांची?

उत्तर असं की कुणाचीच नाही. सी भाषा म्हणजे काय हे सांगणारा एक दस्तऐवज आहे. 'इंट' निदान −३२७६७ ते ३२७६७ एवढा तरी असलाच पाहिजे, त्याहून मोठा असेल तर ज्याची त्याची मर्जी, असं त्यात तेव्हा लिहिलेलं होतं. दोन्ही कंपायलर नियमात होते. नियमाबाहेर होता तो माझा प्रोग्रॅम. भाषेने जे कबूलच केलं नव्हतं ते त्याने गृहीत धरलं होतं.

या दस्तऐवजाला सी भाषेचं स्टँडर्ड म्हणतात. तो प्रोग्रॅम नाही, कंपायलरही नाही. कायद्याच्या भाषेत लिहिलेलं जाडजूड बाड आहे. तो कसा तयार झाला ते पाहिलं की प्रोग्रॅमिंगच्या भाषा अशा तिरपागड्या का असतात याचा बराच उलगडा होतो. इतर भाषांच्या गोष्टीही रंजक आहेत, पण सीइतकं भांडण, तडजोड आणि चिवटपणा मला दुसरीकडे दिसला नाही. म्हणून सीच.

सुरुवातीला अर्थातच स्टँडर्ड वगैरे काही नव्हतं. अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये डेनिस रिची यांनी १९७२ च्या आसपास ही भाषा घडवली, ती केन थॉम्प्सन यांच्या 'बी' नावाच्या भाषेवरून. १९७३ मध्ये युनिक्स या तिथल्याच ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा सीमध्ये नव्याने लिहिला गेला. वापरणारे मोजके, बहुतेक एकाच इमारतीतले. भाषेत काही खटकलं तर बदलायचं आणि शेजारच्या खोलीत जाऊन सांगायचं.

एक नमुना बघा. आज आपण एखाद्या संख्येत पाच मिळवायचे तर 'एक्स += ५' लिहितो. सुरुवातीच्या सीमध्ये हे उलटं होतं: 'एक्स =+ ५'. वजाबाकी 'एक्स =- ५'. आता समजा कुणी घाईत, मध्ये जागा न सोडता, 'एक्स=-५' असं लिहिलं. याचा अर्थ काय? एक्समध्ये उणे पाच ठेवा, की एक्समधून पाच वजा करा? माणूस आगापिछा बघून ओळखेल, कंपायलर ओळखणार नाही. म्हणून चिन्हांचा क्रम उलटला. मूठभर लोकांनी आपापले प्रोग्रॅम दुरुस्त केले, विषय संपला. हाच बदल आज करायचा म्हटला तर जग बंद पाडावं लागेल.

१९७८ मध्ये ब्रायन कर्निघन आणि रिची यांचं सीवरचं पुस्तक आलं. त्याच्या शेवटी भाषेचं एक संदर्भ-परिशिष्ट होतं. पुढची दहाएक वर्षं तेच परिशिष्ट म्हणजे सी. बाबावाक्यं प्रमाणम्. वाद झाला की पुस्तक उघडायचं. पण पुस्तक मुळात शिकवण्यासाठी लिहिलं होतं, वाद मिटवण्यासाठी नाही. त्यातच एक छोटा तक्ता आहे: पीडीपी-११ वर इंट १६ बिटांचा, आयबीएम ३७० वर ३२ बिटांचा, आणि हनीवेल ६००० वर ३६ बिटांचा. हनीवेलवर तर एका अक्षराला आठऐवजी नऊ बिटं. म्हणजे आठच्या फॅक्टोरियलची भानगड टर्बो सीच्या कितीतरी आधीपासून जगजाहीर होती. आमच्या लॅबपर्यंत ती बातमी पोचली नव्हती, इतकंच.

पुस्तक छापून झाल्यावरही भाषा थांबली नाही. 'व्हॉइड' हा शब्द त्या पहिल्या आवृत्तीत नाही, तो नंतर आला. 'इनम'ही नंतरचा. दरम्यान छोटे संगणक बाजारात आले आणि प्रत्येक कंपनी आपला सी कंपायलर विकू लागली. पुस्तकात जिथे मोघम लिहिलं होतं तिथे प्रत्येकाने आपापला अर्थ लावला. सीची ख्याती काय, तर एका यंत्रावरचा प्रोग्रॅम दुसऱ्या यंत्रावर नेता येतो. ती ख्यातीच धोक्यात आली.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या 'ॲन्सी' या प्रमाणसंस्थेखाली एक समिती बसली. तिचं नाव सरकारी थाटाचं, एक्स३जे११. अशा समितीत कोण असतं? भाषेचा जन्मदाता आणि चार प्रोफेसर अशी आपली कल्पना असते. प्रत्यक्षात कंपायलर विकणाऱ्या कंपन्यांची माणसं, संगणक बनवणाऱ्यांची माणसं, सल्लागार, मोठे वापरकर्ते. प्रत्येकाच्या पाठीशी आपापलं दुकान. एखाद्या नियमाने आपला कंपायलर नव्याने लिहावा लागणार असेल तर तो माणूस त्या नियमाला सहजी हो म्हणणार नाही.

समितीने कामाला दिशा म्हणून काही तत्त्वं लिहून ठेवली होती. त्यातलं एक मला फार शहाणपणाचं वाटतं: लोकांनी लिहून ठेवलेला कोड महत्त्वाचा, अस्तित्वात असलेले कंपायलर तेवढे नाहीत. कंपायलर किती, शे-दीडशे धरा. त्यांचे मालक समोर बसलेत, त्यांना सुधारणा करायला सांगता येते. लिहिलेला कोड मात्र असंख्य ओळींचा, ठिकठिकाणी विखुरलेला, अनेकदा लिहिणारा नोकरी सोडून गेलेला. समितीच्याच शब्दांत स्टँडर्ड हा प्रोग्रॅम लिहिणारा आणि कंपायलर बनवणारा यांच्यातला तह. तुम्ही एवढं पाळा, आम्ही एवढं देऊ.

मराठीतही लेखनाचे नियम १९६२ साली बदलले. उच्चारात नसलेले अनुस्वार गेले. 'केलें' चं 'केले' झालं, 'आंत' चं 'आत' झालं. त्याआधीची पुस्तकं काही रद्दी झाली नाहीत. आजोबांच्या कपाटातलं पुस्तक काढलं तर त्यातले अनुस्वार डोळ्यांना जरा खुपतात, अर्थ अडत नाही. वाचणारा माणूस सांभाळून घेतो. कंपायलर सांभाळून घेत नाही. एक अनुस्वार जास्त झाला की तो दारातच अडवतो. नाहीतर काहीच न बोलता वेगळा अर्थ लावून मोकळा होतो, आणि हे जास्त वाईट.

समितीपुढचा सगळ्यात नाजूक वाद या दुसऱ्या प्रकारातला होता. एका बाइटची (सहसा आठ बिटं), फक्त धन संख्या ठेवणारी जागा घ्या. सीमध्ये तिला अनसाइन्ड कॅरॅक्टर म्हणतात. तिच्यात १ आहे. आता विचारा: ही संख्या −२ पेक्षा मोठी आहे का? शाळेतलं पोरगं हो म्हणेल. युनिक्सकडचे जुने कंपायलर नाही म्हणायचे. त्यांचा नियम असा की तुलनेत एक बाजू 'फक्त धन' असेल तर दुसरीलाही तसंच समजायचं. मग −२ ची बिटं धन म्हणून वाचली की सोळा बिटांत ती ६५५३४ होतात, आणि १ अर्थातच त्याहून लहान. इतर काही कंपायलर आधी त्या बाइटचा साधा इंट करत आणि मग तुलना करत. त्यांचं उत्तर शाळेतल्या पोरासारखं.

दोन्ही बाजूंचा कोड बाजारात चालू होता. दोघांनाही खूश करणं अशक्य. समितीने दुसरी रीत निवडली, आणि सोबतच्या स्पष्टीकरणात प्रामाणिकपणे लिहूनही ठेवलं की रूढ वापरात आपण केलेला हा सगळ्यात गंभीर बदल. अशा बदलाला त्यांनी नावही छान दिलं होतं, ज्याला आपण 'मुका बदल' म्हणू. प्रोग्रॅम तसाच कंपाइल होतो, एरर येत नाही, उत्तर तेवढं बदलतं.

सगळेच निर्णय असे पचले नाहीत. डिसेंबर १९८७ च्या बैठकीत, काम जवळजवळ संपत आलेलं असताना, समितीने 'नोअलायस' नावाचा नवा शब्द भाषेत घातला. हेतू चांगला होता. सीमध्ये पॉइंटर म्हणजे पत्ता, आणि एकाच घराला दोन पत्ते असू शकतात. या पत्त्यावर लिहिल्याने त्या पत्त्यावरची वस्तू बदलली की काय, ही शंका कंपायलरला कायम असते. त्यामुळे तो प्रत्येक वेळी जाऊन बघून येतो आणि प्रोग्रॅम हळू चालतो. 'या घराला दुसरा पत्ता नाही' अशी हमी प्रोग्रॅमरने दिली तर काम वेगाने होईल, ही कल्पना. पण हमीची व्याख्या इतकी गुंतागुंतीची झाली की सरळ दिसणारा कोडही तिच्यात अडकत होता. मार्च १९८८ मध्ये रिचींनी समितीला खरमरीत पत्र लिहिलं. आशय असा की नोअलायस गेलाच पाहिजे, यावर घासाघीस नाही. आणि तो गेला.

यातली मजेची बाब अशी की तीच गरज पुढे १९९९ च्या आवृत्तीत 'रिस्ट्रिक्ट' या नावाने, नीट विचार करून, पुन्हा आली. कल्पना चूक नव्हती, घाई चूक होती. त्यानंतर सीच्या लोकांना एक सवय लागली, जी मला बरी वाटते: नवी गोष्ट आणायची तर आधी विचारतात, हे कुठल्या कंपायलरने करून पाहिलंय? कागदावर शोध लावू नका. आधी चालवा, लोकांना वापरू द्या, मग आम्ही लिहून घेतो.

डिसेंबर १९८९ मध्ये अमेरिकन स्टँडर्ड मंजूर झालं. पुढच्याच वर्षी आंतरराष्ट्रीय संघटना 'आयएसओ'ने ते उचललं, क्रमांक ९८९९. सहा वर्षांहून जास्त काळ लागला होता, आणि भाषा मुळात अस्तित्वात होती तरी.

आता त्या बाडातला माझा आवडता भाग. भाषा काय करते हे सांगणं सोपं. आपण काय सांगणार नाही हे सांगायला स्टँडर्डने तीन पायऱ्या केल्या. पहिली: कंपायलरने स्वतः ठरवावं, पण काय ठरवलं ते माहितीपत्रकात लिहावं. इंट किती बिटांचा, हे इथे येतं. दुसरी: दोन-चार पर्यायांतला कुठलाही घ्या, सांगितलं नाही तरी चालेल. फंक्शनला दिलेल्या गोष्टींपैकी आधी कुठली मोजायची, हे इथे. तिसरी पायरी मात्र अजब आहे. तिथे स्टँडर्ड हात वर करतं. प्रोग्रॅमरने अमुक केलं तर पुढे काय होईल यावर आमचं काहीच बंधन नाही. याला 'अनडिफाइन्ड बिहेवियर' म्हणतात. तुमच्या नाकातून भुतं बाहेर पडली तरी कंपायलर नियमात आहे, असा सीवाल्यांमधला जुना विनोद.

आणि आपल्याकडच्या व्हायवाचा लाडका प्रश्न नेमका या पायरीवरचा. '++आय' म्हणजे आय एकाने वाढवा आणि मग वापरा. आय पाच आहे, तर '++आय + ++आय' किती? एक पंथ म्हणतो, आधी सहा, मग सात, बेरीज तेरा. दुसरा म्हणतो, आधी दोन्हीकडे वाढवून घ्या, आय सात झाला, सात अधिक सात चौदा. एक्स्टर्नल कुठल्या पंथाचे आहेत हे बाहेर थांबलेल्या पोरांना आधीच कळलेलं असायचं, कारण पहिल्या बॅचमधून बाहेर आलेला सांगायचा. जीसीसी या कंपायलरवर चौदा मिळतं, क्लँग या दुसऱ्यावर तेरा. स्टँडर्डच्या मते प्रश्नच चुकीचा आहे, कारण एकाच वाक्यात एकाच जागेत दोनदा लिहायचं आणि कुठलं आधी ते सांगायचं नाही, हे तहात बसत नाही. 'सर, हे अनडिफाइन्ड आहे' असं उत्तर देणाऱ्याला त्या काळी किती मार्क मिळाले असते, याची मला कल्पना आहे.

एवढी मोकळीक का ठेवली? कारण १९८० च्या दशकातली यंत्रं एकमेकांसारखी नव्हती. उणे संख्या साठवण्याच्या तीन रिती होत्या. सध्या सगळीकडे आहे ती रीत धरली तर सोळा बिटांत −३२७६८ मावतो. बाकीच्या दोन रितींत −३२७६७ पर्यंतच. म्हणूनच स्टँडर्डने वर सांगितलेली हमी एकाने कमी दिली होती. संख्या मावेनाशी झाली तर एका यंत्रावर ती गुंडाळली जाऊन उणे होई, दुसऱ्यावर यंत्र काम थांबवी. समितीने कुणाचीच बाजू घेतली नाही.

पण मोकळीक दिली की लोक ती वापरतात. समजा तुम्ही सावध प्रोग्रॅमर आहात आणि लिहिलं: 'एक्स + १ हा एक्सपेक्षा लहान असेल, तर संख्या ओसंडली, थांबा.' आजचा हुशार कंपायलर विचार करतो की चिन्हासहित संख्या ओसंडणं तहाबाहेर आहे, म्हणजे हा माणूस तसं होऊच देणार नाही. म्हणजे एक्स + १ हा एक्सपेक्षा लहान असणं अशक्य. म्हणजे ही तपासणी फालतू. आणि तो ती ओळच काढून टाकतो. सुरक्षेसाठी लावलेलं कुलूप चोर येणारच नाही असं धरून घरमालकाने काढून टाकावं, तसा प्रकार. यावर वर्षानुवर्षं कडाक्याची भांडणं झाली आहेत. मी स्वतः कंपायलरवाल्यांच्या बाजूने फारसा नाही, पण तह वाचला तर अक्षरशः त्यांचंच बरोबर ठरतं. तेव्हा माझ्या जर्नलमध्ये न लावलेला तो −२५२१६ आला, हेही टर्बो सीचं सौजन्य म्हणायचं. काहीही आलं असतं.

चुकीची गोष्ट भाषेतून काढायला किती वेळ लागतो, याचं उदाहरण 'गेट्स'. कीबोर्डवरून एक ओळ वाचणारं हे फंक्शन आपण सगळ्यांनी वापरलंय. त्यातली खोट अशी की ओळ ठेवायला जागा किती आहे, हे त्याला सांगताच येत नाही. समोरचा जितकं पाठवेल तितकं ते ओतत राहतं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातला विद्यार्थी रॉबर्ट मॉरिस याने सोडलेला वर्म, म्हणजे एका यंत्रातून दुसऱ्यात आपोआप शिरणारा प्रोग्रॅम, इंटरनेटवर पसरला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक हीच. युनिक्सवरच्या 'फिंगर' सेवेने गेट्ससाठी ५१२ बाइटांची जागा ठेवली होती, वर्मने ५३६ बाइट पाठवले. वरच्या चोवीस बाइटांनी यंत्राचा ताबा घेतला.

यानंतर वर्षभराने स्टँडर्ड मंजूर झालं. गेट्स त्यात जिथल्या तिथे. कारण लिहिलेला कोड महत्त्वाचा. १९९९ च्या आवृत्तीतही ते राहिलं. २००७ च्या एका शुद्धिपत्रकात 'हे आता वापरातून जाईल' अशी सूचना आली, आणि २०११ च्या आवृत्तीत अखेर ते गेलं. धडा मिळाल्यापासून तेवीस वर्षं.

नवी गोष्ट आत आणायलाही असाच वळसा. खरं-खोटं साठवायला 'बूल' नावाचा प्रकार सीमध्ये नव्हता, म्हणून हजारो लोकांनी आपापला 'बूल' बनवून घेतला होता. कुणी इंटला ते नाव दिलं, कुणी अक्षराला. १९९९ मध्ये समितीने हा प्रकार भाषेत घ्यायचं ठरवलं. सरळ 'बूल' हा राखीव शब्द केला असता तर त्या सगळ्यांचे प्रोग्रॅम एका रात्रीत मोडले असते. मग नाव ठेवलं अंडरस्कोअर लावून, मोठ्या बीचं: '_बूल'. अंडरस्कोअर आणि त्यापुढे कॅपिटल अक्षर अशी नावं भाषेसाठी राखून ठेवलेली होती, त्यामुळे शहाण्या माणसाने तसं नाव वापरलेलं नसणार. साधं 'बूल' हवं असेल त्याने एक वेगळी हेडर फाइल घ्यावी. दिसायला कुरूप, पण कुणाचं काही मोडलं नाही. थेट 'बूल' राखीव शब्द झाला तो सी-२३ या आवृत्तीत, जी छापील स्वरूपात २०२४ मध्ये आली. चोवीस-पंचवीस वर्षं मागच्या दाराने ये-जा करून झाल्यावर पुढचं दार उघडलं. नव्या माणसाला '_बूल' बघून हसू येतं. मला आता येत नाही.

या सगळ्यात थोडी गंमत डॅनिश कीबोर्डची. पूर्वी सात बिटांच्या संचात १२८ च जागा असत. डेन्मार्कने आपली तीन खास अक्षरं बसवण्यासाठी महिरपी आणि चौकोनी कंसांच्या जागा वापरल्या. सी तर महिरपी कंसांवरच उभी. मग तिथल्या लोकांसाठी 'दोन प्रश्नचिन्हं आणि त्यापुढे लहानपेक्षा-चं चिन्ह म्हणजे उघडता महिरपी कंस' अशा तीन-तीन चिन्हांच्या जोड्या स्टँडर्डमध्ये घातल्या. त्या सी-२३ मध्ये काढल्या. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली जे 'इस्की' प्रमाण झालं त्यात आठ बिटं होती, खालचा अर्धा भाग जसाच्या तसा ठेवून वरच्या अर्ध्यात देवनागरी वगैरे बसवली होती. उशिरा जेवायला बसण्याचाही फायदा असतो.

सध्याचा कारभार साधारण असा चालतो. आयएसओचा सीसाठीचा गट आहे, डब्ल्यूजी१४. कुणालाही काही सुचवायचं तर लेखी प्रस्ताव द्यायचा, त्याला 'एन' पासून सुरू होणारा क्रमांक मिळतो. बैठकांत त्याची चिरफाड होते, सुधारून परत आणा म्हणतात, मत घेतात. मसुदा तयार झाला की देशोदेशींच्या प्रमाणसंस्था मतदान करतात. आयएसओमध्ये भारताची सभासद संस्था म्हणजे आपलं बीआयएस, तेच आयएसआय मार्कवालं. अंतिम प्रत आयएसओ पैसे घेऊन विकते. मसुदे मात्र फुकट मिळतात, त्यामुळे जगभरचे प्रोग्रॅमर वाद घालताना शेवटच्या मसुद्याचाच दाखला देतात. २०११ च्या आवृत्तीचा 'एन १५७०' लोकांना तोंडपाठ असतो, खरं पुस्तक बहुतेकांनी पाहिलेलंही नसतं.

आणि स्टँडर्ड छापून आलं म्हणजे लगेच लागू झालं असंही नाही. समितीपाशी पोलीस नाही. १९९९ च्या आवृत्तीने प्रोग्रॅम चालताना ज्यांची लांबी ठरते असे ॲरे, म्हणजे एकाच प्रकारच्या जागांच्या रांगा, सक्तीचे केले. मायक्रोसॉफ्टने ते आपल्या कंपायलरमध्ये घेतलेच नाहीत. २०११ मध्ये समितीने ते ऐच्छिक केले. लिनक्सचा गाभा तर २०२२ पर्यंत १९८९ च्या सीवरच, अर्थात जीसीसीची स्वतःची भर घालून, कंपाइल होत होता. तेव्हा कुठे तो २०११ च्या आवृत्तीवर आला.

दुसऱ्या भाषांच्या वाटा वेगळ्या. फोरट्रानचं अमेरिकन स्टँडर्ड १९६६ चं, भाषांमधलं ते पहिलं. जावास्क्रिप्टचं स्टँडर्ड १९९७ मध्ये युरोपातल्या 'एक्मा' संस्थेने केलं. पण 'जावा' हा ट्रेडमार्क तेव्हा सन कंपनीचा होता, म्हणून कागदोपत्री भाषेचं नाव एक्मास्क्रिप्ट, जे बोलताना फारसं कुणी वापरत नाही. सनने जावाही अशा संस्थेकडे न्यायची तयारी केली होती, १९९९ मध्ये माघार घेतली. पायथनला आयएसओचं स्टँडर्ड नाहीच. तिथे समाजाने चालवलेले प्रस्ताव आणि पायथन चालवणारा एक मुख्य प्रोग्रॅम हेच प्रमाण. २००८ मध्ये पायथन ३ आलं तेव्हा त्यांनी जुना कोड मोडायचा धीर केला. 'प्रिंट'ला कंस सक्तीचे झाले, तेवढ्या कंसांसाठी आणि अक्षरांच्या साठवणीसाठी जगाला हलायला बारा वर्षं लागली. पायथन २ ची सोबत अधिकृतपणे सुटली ती १ जानेवारी २०२० ला. सीवाले हे बघून मनात काय म्हणाले असतील ते सांगायला नको.

मध्यंतरी माळ्यावरून ते जर्नल सापडलं. कागद पिवळे पडलेत, डॉट मॅट्रिक्सची शाई फिकट झालीये, फॅक्टोरियलच्या पानावर आउटपुट १२०. गंमत म्हणून प्रोग्रॅम जसाच्या तसा टाइप करून नव्या जीसीसीला दिला. प्रोग्रॅम जिथून सुरू होतो त्या 'मेन'च्या आधी मी काहीच लिहिलं नव्हतं. १९८९ च्या नियमात ते चालायचं, कारण काही न लिहिलं तर इंट समजत. १९९९ मध्ये स्टँडर्डने ती सवलत काढली. जीसीसी मात्र पुढची पंचवीस वर्षं नुसती कुरकुर करून कंपाइल करून द्यायचा. मे २०२४ मध्ये आलेल्या चौदाव्या आवृत्तीपासून तो थेट एरर देतो. मी 'इंट' लिहिला. स्क्रीन पुसण्याची आणि शेवटी थांबण्याची ओळ काढली, त्या कधीच स्टँडर्डमध्ये नव्हत्या. मग आठ टाकलं. ४०३२०.

नऊ, दहा, अकरा, सगळं बरोबर. बाराचं ४७९००१६००. तेरा टाकलं तर १९३२०५३५०४ आलं. खरं उत्तर ६२२७०२०८००. इंट आता बत्तीस बिटांचा आहे, पण तोही पुरला नाही. आणि या वेळी समोर उणेचं चिन्हही नव्हतं, त्यामुळे कॅल्क्युलेटर काढेपर्यंत मला काही खटकलंच नाही.